अन्नाची मदत वेळेत कशी शोधावी आणि ती टिकावी म्हणून हातभार कसा लावावा

दोन वेगवेगळ्या घरांतून आलेले दोन प्रश्न माझ्यासमोर आहेत. एका गृहस्थांचे काम अडीच महिन्यांपूर्वी सुटले. घरात पत्नी, शाळेत जाणारी दोन मुले आणि मधुमेह असलेली वृद्ध आई आहे, शिल्लक संपत आली आहे. जवळपास अन्नाची मदत कोठे मिळेल आणि ती मागायला जाण्याइतकी आपली परिस्थिती खरोखर बिघडली आहे का, असे ते विचारतात. दुसरा प्रश्न एका बाईंचा आहे. आपल्या वस्तीत अशी कुटुंबे वाढत असल्याचे त्यांना दिसते आहे. धान्य द्यावे, पैसे द्यावेत की स्वतःच एखादे केंद्र सुरू करावे, हे त्यांना ठरवता येत नाही. शिधावाटप आणि सामुदायिक स्वयंपाकघर या दोन्ही कामांत मी 20 वर्षांहून अधिक काळ आहे, आणि दोन्ही प्रश्नांना एकत्र उत्तर द्यावे असे मला वाटते, कारण दोन्हीकडची अडचण वेळेचीच आहे. गरजू कुटुंब आमच्यापर्यंत फार उशिरा पोहोचते, आणि मदत एकदम येऊन फार लवकर आटते.

गृहस्थांच्या प्रश्नातला दुसरा भाग आधी घेते, कारण पहिल्या भागाकडे जाण्याची वाट तिथेच अडलेली असते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने अन्नाची असुरक्षितता मोजण्यासाठी 8 प्रश्नांची एक मोजपट्टी तयार केली आहे. पैशांच्या किंवा इतर साधनांच्या अभावी गेल्या 12 महिन्यांत घरात पुरेसे अन्न असेल की नाही अशी काळजी वाटली का, पौष्टिक खाता आले नाही असे झाले का, मोजकेच पदार्थ खाऊन भागवावे लागले का, एखादे जेवण चुकवावे लागले का, हवे त्यापेक्षा कमी खावे लागले का, घरातले अन्न संपले का, भूक असूनही खाता आले नाही का आणि अखेरीस, दिवसभर काहीच न खाता राहावे लागले का, असे ते प्रश्न आहेत. या क्रमाकडे नीट पाहावे. पहिली पायरी उपासाची नाही, काळजीची आहे. महिनाअखेरीला डबे पुरतील का या विचाराने झोप लागत नसेल, किंवा मुलांना वाढून झाल्यावर ‘मला भूक नाही’ असे आईवडील म्हणू लागले असतील, तर मदत मागण्याची वेळ आलेली आहे.

लोक उशिरा का येतात, याचे एक कारण संकोच आहेच. पण दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे आणि त्याची चर्चा कमी होते. घरखर्चाच्या सगळ्या बाबींमध्ये अन्न हीच एक बाब अशी आहे की ती कमी केली तर कोणी नोटीस पाठवत नाही. भाडे थकले तर घरमालक दारात येतो, वीजबिल थकले तर जोडणी तुटते, हप्ता चुकला तर फोन सुरू होतात. ताटातली भाजी कमी झाली तर मात्र बाहेर कोणालाच कळत नाही. म्हणून कात्री पहिल्यांदा ताटालाच लागते, मग औषधांना, आणि कुटुंब आमच्या दारात येते तेव्हा दागिने, शिलाई मशीन किंवा दुचाकी यांपैकी काहीतरी विकून झालेले असते. जे साधन विकले गेले ते पुन्हा उभे राहण्यासाठीच लागणार होते, याचे मला दर वेळी वाईट वाटते. शिधा लवकर मिळाला तर हाती असलेली रोकड भाडे, औषधे आणि कामाच्या शोधासाठीचा प्रवास यांना पुरते, आणि अन्नाच्या मदतीचा खरा उपयोग तोच आहे.

संकोचाबद्दल एवढेच सांगते. 1943 सालच्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले की बाजारात धान्य असतानाही माणसे उपाशी मरू शकतात, कारण ते मिळवण्याची त्यांची ताकद, म्हणजे मजुरी आणि तिची खरेदीक्षमता, कोसळलेली असते. काम सुटलेल्या घरात लहान प्रमाणावर हेच घडते. त्यात त्या माणसाचा दोष शोधण्याचे कारण नाही. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील 25 व्या कलमात पुरेशा राहणीमानाच्या हक्कात अन्नाचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि त्याच कलमात बेकारी, आजारपण, वैधव्य आणि वार्धक्य या काळातील संरक्षणाचाही आहे. केंद्राच्या दारात उभे राहताना ही गोष्ट मनात असावी.

आता शोध कसा घ्यावा हे पाहू. मदत साधारणपणे चार रूपांत असते: शासनाच्या योजनेतून मिळणारे धान्य किंवा रक्कम, संस्थांकडून मिळणारा कोरडा शिधा, तयार जेवण देणारी अन्नछत्रे, आणि शाळा किंवा बालकांच्या केंद्रांतून मुलांना मिळणारा आहार. यांपैकी शासकीय मदत सर्वांत टिकाऊ असते, पण तिला कागदपत्रे आणि वेळ लागतो. म्हणून अर्ज आजच करावा आणि तो मंजूर होईपर्यंतचा काळ संस्थांच्या मदतीने काढावा. अनेक जण एक दार बंद झाल्यावर दुसऱ्या दाराकडे वळतात आणि त्यात महिने जातात. ही दारे एकाच आठवड्यात ठोठवायची असतात.

माहिती कोणाकडे मिळते? इंटरनेटवरील याद्या उपयोगी आहेत, पण त्या लवकर जुन्या होतात. बंद पडलेल्या केंद्राच्या पत्त्यावर लेकराला कडेवर घेऊन पोहोचलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. माझ्या अनुभवात सर्वांत अचूक माहिती अशा लोकांकडे असते जे रोज गरजू कुटुंबांना भेटतात: शाळेतील वर्गशिक्षक, सरकारी दवाखान्यातील परिचारिका आणि समाजसेवा अधीक्षक, बालसंगोपन केंद्रातील सेविका, कामगार संघटनेचे कार्यकर्ते, प्रार्थनास्थळांच्या सेवाभावी शाखा आणि स्थानिक स्वराज्य संस्थेतील समाजकल्याण विभागाचे कर्मचारी. यांपैकी दोघा-तिघांना भेटले की बहुधा एकच नाव पुन्हा पुन्हा ऐकू येते. तिथे पहिला फोन करावा. आणखी एक उपाय आहे. ज्या केंद्रात गेलात तिथे, मदत मिळो वा न मिळो, ‘आणखी कोण देते?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय परत फिरू नये. केंद्रे एकमेकांना ओळखतात, आणि आमच्याकडे शिधा संपलेला असला तरी पुढचे नाव आम्ही नेहमी देऊ शकतो.

फोनवर काय विचारायचे ते आधी कागदावर लिहून घ्यावे, कारण अशा वेळी माणूस गोंधळतो. कोणत्या दिवशी आणि कोणत्या वेळेत वाटप होते, आधी नाव नोंदवावे लागते का, कोणती कागदपत्रे लागतात, ठरावीक भागातील रहिवाशांनाच मिळते का, एका कुटुंबाला महिन्यातून किती वेळा मिळते, शिधा कोरडा असतो की जेवण तयार असते, आणि ज्याला येता येत नाही त्याच्यासाठी दुसऱ्या कोणाला पाठवले तर चालते का. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि घरातील माणसांची संख्या दाखवणारा एखादा कागद सोबत असावा, पण कागद नाहीत म्हणून घरी बसू नये. बरीच केंद्रे पहिल्या भेटीत काहीही मागत नाहीत, आणि जी मागतात त्यांच्यापैकी अनेक जण पहिला शिधा देऊन कागदांसाठी मुदत देतात. एक सावधगिरी मात्र पाळावीच: अन्नाची मदत मिळवून देण्यासाठी जो कोणी नोंदणी शुल्क मागतो, बँकेचा तपशील किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी विचारतो, त्याच्यापासून दूर राहावे. खऱ्या केंद्राला यांपैकी कशाचीही गरज नसते.

नोंदणीच्या वेळी घराची खरी स्थिती सांगावी, आणि तीत तीन गोष्टी विशेष करून सांगाव्यात. पहिली गोष्ट म्हणजे स्वयंपाकाची सोय. इंधन संपलेल्या किंवा चूल नसलेल्या खोलीत राहणाऱ्या माणसाला आम्ही सुरुवातीच्या काळात कच्ची डाळ आणि पीठ देऊन पाठवत असू. त्याने ते निमूटपणे नेले आणि आठवडाभर भिजवलेले धान्य खाल्ले, हे आम्हाला फार उशिरा कळले. तेव्हापासून चुलीचा प्रश्न आमच्या अर्जात सर्वांत वर आहे. दुसरी गोष्ट आजारपणाची. आपल्या आईंना मधुमेह आहे, आणि त्या इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही विशिष्ट गोळ्या घेत असतील तर जेवण चुकवून औषध घेतल्याने रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घरात अन्न कमी पडते आहे ही गोष्ट डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगावी, म्हणजे ते औषधाची मात्रा आणि वेळ यांचा विचार करतील. मात्रा आपल्या मनाने बदलू नये. केंद्रालाही सांगावे, कारण गोड आणि मैद्याच्या पदार्थांऐवजी डाळी, कडधान्ये, अंडी असे काही देता येते. तिसरी गोष्ट लहान मुलांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे पहिले 6 महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे. म्हणून स्तनदा मातेला जास्तीचा शिधा मिळणे हीच बाळासाठीची मदत असते, आणि तिने तो हक्काने मागावा. ज्या बाळाला काही कारणाने पावडरचे दूध द्यावेच लागते त्याच्यासाठी आरोग्य केंद्राचा सल्ला घ्यावा, आणि पावडर पुरवून पुरवून वापरायची म्हणून त्यात जास्त पाणी कधीही घालू नये.

मुलांच्या शाळेत जेवण मिळत असेल तर सुट्टीच्या महिन्यात घरावरचा भार अचानक वाढतो, हे आधी लक्षात घेऊन केंद्राला कळवावे. त्या महिन्यासाठी शिधा वाढवून मागणे योग्यच आहे.

आता बाईंच्या प्रश्नाकडे येते. फूड बँक, म्हणजे अन्नपेढी, ही कल्पना 1967 मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल यांनी प्रत्यक्षात आणली. ते एका अन्नछत्रात स्वयंसेवक होते. किराणा दुकानांनी टाकून दिलेल्या मालातून मुलांचे पोट भरणाऱ्या एका आईने त्यांना सांगितले की, जसे पैसे बँकेत ठेवता आणि काढता येतात तशी अन्नाचीही एखादी जागा असायला हवी. पुढे 1984 मध्ये पॅरिसमध्ये युरोपातील पहिली अन्नपेढी सुरू झाली. मला या कथेत महत्त्वाचे वाटते ते हे की कल्पना देणाऱ्याच्या डोक्यातून निघाली नव्हती, घेणाऱ्या बाईने ती सुचवली होती. म्हणून आपण जे काही कराल त्याची सुरुवात विचारण्याने करावी. जवळच्या केंद्रात जाऊन ‘तुमच्याकडे काय कमी पडते?’ असे विचारले तर उत्तर बहुधा अनपेक्षित असते. धान्य भरपूर असेल पण तेल नसेल, अन्न असेल पण ते पोहोचवायला वाहन नसेल, किंवा सगळे असेल आणि फक्त हिशेब ठेवणारा माणूस नसेल.

पैसे की वस्तू, याबाबत माझे मत स्पष्ट आहे: केंद्र विश्वासाचे असेल तर पैसे द्यावेत. घाऊक खरेदीत त्याच रकमेत अधिक शिधा येतो, जे कमी आहे तेच घेता येते, आणि वाहतूक, साठवणूक, वीज, वजनकाटा यांसारखे जे खर्च देणगीदाराला दिसत नाहीत ते त्यातून भागतात. वस्तू द्यायच्या असतील तर बराच काळ टिकणाऱ्या, मूळ वेष्टनातल्या आणि आपण स्वतःच्या घरी वापरल्या असत्या अशाच द्याव्यात. फुगलेला किंवा गळणारा डबा कधीही देऊ नये, कारण त्यात प्राणघातक विष तयार झालेले असू शकते. वेष्टनावरील दोन तारखांतला फरकही ओळखावा. ‘या तारखेपूर्वी उत्तम’ ही तारीख चव आणि गुणवत्तेविषयी असते, तर ‘या तारखेपर्यंत वापरा’ ही सुरक्षिततेविषयी. दुसऱ्या प्रकारची तारीख उलटलेली वस्तू दान होऊच शकत नाही.

समारंभात किंवा उपाहारगृहात उरलेले शिजवलेले अन्न देण्याविषयी फार विचारणा होते, आणि तिच्यामागची तळमळ मला समजते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार 2022 या एका वर्षात जगात सुमारे 105 कोटी टन अन्न किरकोळ विक्री, खाद्यसेवा आणि घरे या टप्प्यांवर वाया गेले, आणि त्यातला सुमारे 60 टक्के वाटा घरांचा होता. फ्रान्सने 2016 मध्ये कायदा करून 400 चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटांना न विकलेले खाण्यायोग्य अन्न सेवाभावी संस्थांना देण्याबाबत करार करणे बंधनकारक केले. अमेरिकेत 1996 पासून सद्भावनेने अन्न देणाऱ्यांना कायदेशीर संरक्षण आहे. तरीही शिजवलेले अन्न म्हणजे घड्याळाशी शर्यत असते. जागतिक आरोग्य संघटनेचा नियम असा की शिजवलेले अन्न सामान्य तापमानाला 2 तासांपेक्षा अधिक ठेवू नये. ते 60 अंश सेल्सिअसच्या वर गरम किंवा 5 अंशांच्या खाली थंड ठेवावे, कारण या दोहोंच्या मधल्या तापमानात जंतू वेगाने वाढतात. पंगत उठल्यावर तासाभराने फोन येतो, वाहन पोहोचायला आणखी एक तास जातो, आणि तोवर ते अन्न आम्हाला नाकारावे लागते. म्हणून समारंभाच्या आदल्या दिवशी केंद्राला कळवावे, वाढपाची भांडी आणि राखीव भांडी वेगळी ठेवावीत, आणि ज्या भांड्याला पंगतीचा हात लागलेला नाही तेच झाकून गरम ठेवावे. उपाशी माणसाचे शरीर आधीच अशक्त असते; त्याला अन्नातून विषबाधा झाली तर ती निभावण्याची ताकद त्याच्याकडे नसते.

रकमेच्या आकड्यापेक्षा नियमितपणा मोठा आहे, हे मी पुन्हा पुन्हा सांगते. पूर, टाळेबंदी किंवा कारखाना बंद पडणे अशा घटनेनंतर पहिल्या 15 दिवसांत आमची कोठी ओसंडून वाहते, आणि तिसऱ्या महिन्यात, म्हणजे कुटुंबांची शिल्लक संपते नेमक्या त्याच वेळी, ती रिकामी होते. एकदम मोठी रक्कम देण्याऐवजी तीच रक्कम 12 महिन्यांत विभागून दिली तर केंद्राला ‘पुढच्या महिन्यात या’ असे खात्रीने सांगता येते. त्या खात्रीवर माणूस आपली शिलाई मशीन विकायची थांबतो. श्रमाचेही तसेच आहे. एखाद्या विशेष दिवशी 40 स्वयंसेवक येतात आणि त्यांना काम देणे हेच काम होऊन बसते. दर मंगळवारी दोन तास येऊन डबे तपासणारी, जुना माल पुढे आणि नवा मागे लावणारी एक व्यक्ती वर्षभर केंद्र सावरून धरते.

स्वतः केंद्र सुरू करण्यापूर्वी एक साधा तक्ता करावा. आठवड्याचे सात वार लिहून, वस्तीच्या चालत जाण्याच्या अंतरात कोणत्या वारी कोण काय देते ते भरावे. बहुतेक ठिकाणी असे दिसते की दोन-तीन दिवशी अनेक जण देतात आणि उरलेले दिवस कोरडे जातात. तशीच महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातही पोकळी असते. ती पोकळी भरणे हे नव्या केंद्राचे काम. सुरुवात 10 कुटुंबांपासून करावी, आणि किमान 3 महिन्यांचा खर्च हाती असल्याशिवाय पहिले नाव नोंदवू नये, कारण एकदा सुरू झालेला शिधा अचानक थांबला तर ज्यांनी त्याच्या भरवशावर दुसरे दार सोडले ते पूर्वीपेक्षा अधिक अडचणीत येतात. प्रमाण ठरवताना आपत्तीकाळातील मदतीसाठी जगभर वापरला जाणारा आकडा धरावा: दर माणशी दिवसाला 2,100 किलोकॅलरी, त्यांपैकी 10 ते 12 टक्के प्रथिनांतून आणि 17 टक्के स्निग्ध पदार्थांतून. फक्त धान्याच्या पिशवीने हे प्रमाण कधीच गाठले जात नाही. डाळ आणि तेल नसलेला शिधा पोट भरतो, पण मुलांची वाढ भागवत नाही. जमेल तिथे सर्वांना एकच तयार पिशवी देण्यापेक्षा मांडणीवर वस्तू ठेवून कुटुंबाला निवडू द्यावे. दुकानात निवडतो तसे निवडताना माणसाची मान ताठ राहते, आणि जे घरी खाल्ले जाणार नाही ते फडताळात पडून राहत नाही.

घेणाऱ्यांची छायाचित्रे काढू नयेत. देणगीदारांना पुरावा हवा असतो हे मला मान्य आहे; त्यांना खरेदीच्या पावत्या, साठ्याची नोंदवही आणि कुटुंबांची संख्या दाखवावी. शिधा घेतानाचा फोटो गावभर फिरल्यामुळे पुन्हा न आलेली कुटुंबे मला माहीत आहेत, आणि त्यांच्या मुलांनी त्या दिवसांत काय खाल्ले असेल हा विचार आजही माझी पाठ सोडत नाही.

शेजारच्या घरात अडचण दिसते, पण ते लोक तोंडाने मागणार नाहीत, अशा वेळी काय करावे, हेही बाईंनी विचारले आहे. ‘काही लागले तर सांगा’ असे म्हणू नये, कारण लागते तेव्हा कोणी सांगत नाही. नेमके आणि नकार देता येईल असे विचारावे: ‘मी गुरुवारी केंद्रात जाते आहे, तुमच्याही नावाची पिशवी आणू का?’ दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा त्याच साधेपणाने विचारावे. आणि गृहस्थांना शेवटची व्यावहारिक सूचना अशी की काम मिळाल्यावर लगेच नाव काढून टाकू नका. पहिला पगार हातात येईपर्यंत आणि थकलेले भाडे फिटेपर्यंत शिधा सुरू ठेवा, मग केंद्राला कळवा, म्हणजे ती जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या कुटुंबाला त्याच आठवड्यात मिळेल.